खांद्याचे तीन कागद

४ फेब्रुवारी

दादा,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, वाटणीचे कागद नाहीत. प्रश्न आहेत. मोजून पंचावन्न, आणि सगळे तुझ्या उजव्या खांद्याबद्दल.

मागच्या महिन्यात आत्याकडे भेटलो तेव्हा तू चहाचा कप डाव्या हाताने उचललास. बाकीच्यांना वाटलं, उजव्या हातात वर्तमानपत्र आहे म्हणून. मी वीस वर्षं लोकांचे खांदे बघते आहे. हातात काय आहे याच्याआधी मला हात कुठपर्यंत जातो ते दिसतं. विचारलं तर "आखडलाय जरा" म्हणालास आणि आत्याच्या मोतीबिंदूवर घसरलास. फोन केला की वहिनी शेजारीच असते आणि तुझं "मस्त चाललंय" सुरू होतं. म्हणून पत्र.

आमच्या फिजिओथेरपी विभागात सध्या एक काम माझ्याकडे आहे. खांदा दुखणाऱ्या माणसांना द्यायच्या तीन प्रश्नावल्या आहेत. तिन्हींची तुलना करून ठरवायचं आहे की खांदा खरोखर बरा होतो तेव्हा ते कुठल्या प्रश्नावलीत नीट उमटतं. साठ रुग्ण मिळाले आहेत. नात्यातलं माणूस घ्यायचं नाही असा नियम आहे, म्हणून तुला मी मोजणीत धरणार नाही. पण प्रश्न साध्या माणसाला कळतात का ते तुझ्यावर घासून बघायचं आहे, आणि त्या निमित्ताने तुझ्याकडून खरं काय ते काढूनही घ्यायचं आहे. लपवत नाही.

पिवळ्या कागदावर तीस प्रश्न, सबंध हाताबद्दल. पांढऱ्यावर बारा, फक्त दुखऱ्या खांद्याबद्दल. निळ्यावर तेरा, त्यात शून्य ते दहा अशी रेघ आहे, तिच्यावर खूण करायची. एका बैठकीत भर. वहिनीला विचारू नकोस. आत्ता एकदा भर आणि सहा आठवड्यांनी पुन्हा, दुसरा संच सोबत ठेवला आहे. तुझी उत्तरं मी कुणाला दाखवणार नाही, हा शब्द.

तुझी
बारकी

१२ फेब्रुवारी

बारके,

भरले तुझे कागद. एवढे प्रश्न मला लग्न ठरवतानाही कुणी विचारले नव्हते.

"बरणीचं घट्ट झाकण उघडताना किती त्रास झाला?" आमच्या घरात बरण्या उघडणं हे खातं माझ्याकडे कधीच नव्हतं. "पाठ धुताना किती त्रास झाला?" जो माणूस दिवसातले सहा तास पाण्याच्या काठावर काढतो त्याची पाठ कोण धुतंय. तरी तू म्हणालीस म्हणून खरं लिहिलं. वाच आणि फाडून टाक.

आता विचारतेसच तर सांगतो. डिसेंबरमध्ये आमच्या पोहण्याच्या खोल तलावात एक शंभर किलोंचा गृहस्थ पैज लावून उतरला आणि मधोमध जाऊन त्याला आठवलं की आपल्याला पोहता येत नाही. काढला त्याला. कट्ट्यावर ओढताना खांद्यात काहीतरी चट् झालं. तो गृहस्थ उठला, केस पुसले आणि चप्पल कुठे गेली म्हणून माझ्याशीच भांडला. खांदा तेव्हापासून असा आहे.

दुखतो त्याचं काही नाही. पण तलावाच्या साहेबांनी बघितलं. म्हणाले, खांदा धरून बसणारा माणूस मला खोल पाण्याजवळ नको, तज्ज्ञाचं पत्र आणा, मग बघू. दोन महिने झाले, मी उथळ तलावावर आहे. पाणी कमरेच्या खाली. तिथे बुडायचं म्हटलं तर आधी आडवं व्हावं लागतं. सव्वीस वर्षं मी जीवरक्षकाच्या त्या उंच खुर्चीत बसलो बारके, आणि आता आयांचे टॉवेल सांभाळतो. येणारे-जाणारे ओळखीचे लोक विचारतात, "काय, इकडे कसे?" मी म्हणतो, बदल म्हणून.

तर तू तज्ज्ञच आहेस ना? बघ काय करता येतं.

दादा

२० फेब्रुवारी

दादा,

आधी हसले, मग आकडे मांडले आणि हसू गेलं.

पिवळ्यावर तू शंभरपैकी बावन्न. तिथे आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. पांढऱ्यावर उलटं आहे, अठ्ठेचाळीस म्हणजे ठणठणीत, तुला एकोणीस. निळ्यावर पुन्हा पिवळ्यासारखंच, मोठा आकडा म्हणजे जास्त त्रास, तिथे एकसष्ट. तिन्ही कागद एकच सांगताहेत की हा "आखडलाय जरा" नाही. स्नायू फाटला असण्याची शक्यता आहे. तिकडे कुणाकडे तरी जाऊन एमआरआय काढून घे, किंवा इकडे ये. येणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून व्यायाम लिहून पाठवते आहे. वाकून हात सैल सोडायचा आणि हलकेच झुलवायचा. भिंतीवर बोटांनी चढत जायचं, दुखलं की थांबायचं. टॉवेल पाठीमागे धरून ओढायचा. दिवसातून तीनदा.

पत्राचं म्हणशील तर आज देणार नाही. भावाला म्हणून तर मुळीच नाही. पण मी हट्टी आहे तशी न्यायीही आहे. पिवळ्यावर पंधरा अंकांनी खाली आलास की तो फरक खरा धरतात, आमच्या विभागप्रमुख मॅडमही तोच आकडा धरतात. तेवढा आलास तर पत्र माझ्या सहीने देईन. आता लाग व्यायामाला.

बारकी

३० मार्च

बारके,

सोबत पिवळा कागद. स्वतः भरला, एका बैठकीत, कुणाला न विचारता.

व्यायाम चालू आहेत. भिंतीवर बोटांचे डाग पडले म्हणून तुझ्या वहिनीने मला भिंत पुसायला लावली, तोही व्यायामच झाला. आता कुलूप उघडतो, कागद लिहितो, जेवतो, पिशवी उचलतो, जड दार ढकलतो. सगळं होतं.

साहेबांना पत्र दहा तारखेपर्यंत हवं आहे. दरवर्षी पाण्यातून माणसाएवढा रबरी पुतळा ओढायची परीक्षा असते, पण पुतळा फाटलाय आणि नवा आलेला नाही, म्हणून यंदा पत्रावर भागवणार आहेत. तेव्हा उशीर करू नकोस. पांढरा आणि निळा घरातच कुठेतरी गेलेत, सापडले की पाठवतो.

तू शब्द दिला आहेस, आठवण करून देत नाही, नुसतं लिहितो.

दादा

६ एप्रिल

दादा,

बावन्नवरून चोवीस. मी दोनदा बेरीज केली, मग मॅडमना विचारलं की सहा आठवड्यांत अठ्ठावीस अंकांनी उतरलेला माणूस त्यांनी कधी पाहिला आहे का. त्या म्हणाल्या, मन लावून व्यायाम करणारा असेल तर होतं. मला जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या साठ जणांपैकी एकाच्याही सुधारण्याने झाला नव्हता. त्यातल्या निम्म्यांचा पिवळा सुधारतोय आणि पांढरा ढिम्म हलत नाही. कुठला कागद चुकतोय तेच मला कळत नाहीये. तुझे दोन्ही कागद त्यासाठी पाहिजेत, शोधून पाठव.

पत्र सोबत आहे, विभागाच्या कागदावर, माझ्या सहीने. "खांद्याच्या कार्यक्षमतेत लक्षणीय सुधारणा झाली असून खोल तलावावरील कामास हरकत नाही." मी तुझा खांदा हाताने तपासलेला नाही याची टोचणी आहे, पण आकडे चोख आहेत. जपून काम कर. आणि बढाई मारत फिरू नकोस.

बारकी

१७ एप्रिल

बारके,

परवापासून खुर्चीत. वरून तलाव कसा दिसतो ते मी विसरत चाललो होतो. साहेबांनी पत्र वाचलं, "तुमची बहीण?" विचारलं, मी हो म्हणालो, ते म्हणाले घराण्यात कुणीतरी शिकलं म्हणायचं. सकाळी नेहमीची मंडळी आली, त्यात पाचव्या पट्ट्यात पोहणारे पेन्शनर काका. रोज तासभर पोहतात, कधी एक शब्द बोलत नाहीत. त्यांनी वर बघून मान हलवली. तेवढ्यानं माझा दिवस छान गेला.

तुझे उपकार फेडणार नाही, सवय नाही.

दादा

२ मे

वन्सं,

तुम्हाला मी कधी पत्र लिहीत नाही, पण खण आवरताना हे दोन कागद सापडले. पांढरा आणि निळा, दोन्ही भरलेले आहेत, खाली ३० मार्च अशी तारीखही आहे. तुम्ही मागत होता म्हणून ह्यांना न सांगताच पाठवते. विसरले असतील.

तुमच्या व्यायामाचा फार उपयोग झाला. आता ह्यांचं सगळं डाव्या हाताने होतं. लिहितात डाव्याने, जेवतात डाव्याने, दाढीसुद्धा. सुरुवातीला हनुवटी कापून घेत होते, आता बघाल तर जन्माचे डावखुरे वाटतील. सकाळी बनियन आणि शर्ट मी चढवून देते. ते म्हणाले की हा व्यायामाचाच भाग आहे, खांद्याला पूर्ण विश्रांती द्यायला तुम्ही सांगितलंय. मला वेळ लागत नाही, आधी दुखरा हात बाहीत घालायचा, मग दुसरा. रोजचं झालंय.

तुम्ही पत्र दिलंत म्हणून घरात पुन्हा शिट्टी वाजवत फिरतात. तेवढ्यासाठी तुमचे आभार मानायचे होते.

तुमची
वहिनी

५ मे

दादा,

वहिनीने तुझे दोन कागद पाठवले आहेत. तिच्यावर ओरडू नकोस, तिला वाटलं तू विसरलास.

पांढऱ्यावर अठरा. फेब्रुवारीत एकोणीस होता. निळा एकसष्टवरून अठ्ठावन्न. म्हणजे खांदा होता तिथेच आहे. पांढऱ्यावरचा सातवा प्रश्न, "त्याच हाताने बाजाराची पिशवी उचलता येते का", तिथे तू "अशक्य" वर गोल केला आहेस. "त्याच हाताने केस विंचरता येतात का", अशक्य. हे तू ३० मार्चला लिहिलंस, पिवळा भरलास त्याच दिवशी, आणि खणात ठेवलंस.

मी काय केलं ते आता मला कळतंय. पिवळा कागद विचारतो, काम झालं का. कुठल्या हाताने झालं ते तो विचारतच नाही, तशी त्याची रीतच आहे, वर बारीक अक्षरात छापलेलंही आहे. मी रोज लोकांना ते समजावते. तू सहा आठवड्यांत डावखुरा झालास, पिवळ्याने इमानदारीत तेवढंच सांगितलं, आणि मी त्यावरून खांदा बरा झाला असं लिहून दिलं. एका कागदावर. दोन कागद आलेले नसताना. अंक किती उतरले पाहिजेत तेही मीच तुला आधी सांगून ठेवलं होतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने असं केलं असतं तर मी तिला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

पाण्यात माणूस घाबरून गळ्याला मिठी मारतो तेव्हा एक हात त्याला धरायला लागतो आणि एक पोहायला. हे मला तूच शिकवलं आहेस. तुझ्याकडे एक आहे.

बारा तारखेपर्यंत साहेबांना जाऊन सांग की खांदा बरा नाही. तू सांगितलंस तर तुझा मान राहील. नाहीतर मला माझं पत्र मागे घ्यावं लागेल.

बारकी

९ मे

तुझं पत्र मिळालं.

मी तुझ्या कागदांवर एकही खोटं उत्तर लिहिलेलं नाही. विचारलंस काम होतं का, होतं म्हणालो. तू पंधरा मागितलेस, मी अठ्ठावीस दिले. खण माझा, कागद माझा, तुला तो पोचायला नको होता. आणि उत्तरं कुणाला दाखवणार नाही हा शब्द कुणी दिला होता? मी मागितला नव्हता.

मान राहील म्हणतेस. मान म्हणजे काय ते तुला एसीच्या खोलीत बसून कळायचं नाही. उथळ तलावावर एका बाईने मला विचारलं, "काका, इथे बाथरूम साफ करायला कोण असतं?" सव्वीस वर्षांत मी चौदा माणसं जिवंत बाहेर काढली. गेल्या आठ वर्षांत पाण्यात उतरायची वेळ तीनदा आली, बाकी सगळं शिट्टीवर भागतं. डावा हात माझा आता उजव्यासारखा आहे. आणि परवा तर सगळं नीटच झालं. एक बाई दमली होती, तिचं झालं काम. कुणाचं काही बिघडलं नाही.

तुला तुझी सही वाचवायची आहे तर वाचव. पण मग त्या पत्राखाली बहीण म्हणून सही करू नकोस.

जीवरक्षक, खोल तलाव

१२ मे

दादा,

बहीण म्हणून सही करू नकोस म्हणालास, तरी मी तुला दादाच म्हणणार.

"परवा" काय झालं? चार ओळींत तू ते असं गुंडाळलं आहेस की मला बाकी पत्र दिसतच नाही.

पत्र मागे घेतल्याचं आज साहेबांना रजिस्टरने पाठवलं. कारण सरळ लिहिलं, की एकाच प्रश्नावलीवर विसंबून मी चुकीचा निष्कर्ष काढला आणि रुग्णाला समोर बसवून तपासलं नाही. तुझी उत्तरं लिहिली नाहीत, तेवढा शब्द पाळला. मग मॅडमकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, तुलनेचं काम आता दुसऱ्या कुणाकडे देऊ. दीड वर्षाचं काम होतं, दादा. साठ जणांचे दोन्ही वेळचे तीनशे साठ कागद मी आज सकाळी गठ्ठे बांधून सहकाऱ्याच्या टेबलावर ठेवले. पिवळा का सुधारतो आणि पांढरा का हलत नाही, हे मला आता माहीत आहे. पण ते लिहिणार दुसरं कुणी.

हे तुला वाईट वाटावं म्हणून नाही लिहिलं. तू रागावलास तर मी सहन करीन. तू त्या खुर्चीत बसलेला मला सहन होत नाही.

बारकी

१९ मे

वन्सं,

तुमच्या दोघांचं काहीतरी बिनसलंय आणि ते मी पाठवलेल्या कागदांमुळे, एवढं मला कळतं. ह्यांनी सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, तुझं काही चुकलं नाही.

तुम्हाला कदाचित माहीत नसेल. सात तारखेला ह्यांनी खोल तलावात एका बाईला वाचवलं. ती बुडत होती आणि ह्यांनी कपड्यानिशी उडी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळी आल्या, मी कापून ठेवल्या आहेत. साहेब घरी येऊन गेले, पेढ्यांसारखं काही नको म्हणून एक घड्याळ दिलं भिंतीवरचं. तुमचं रजिस्टर त्यांना मिळालंय. ह्यांच्यासमोरच म्हणाले, "तुमच्या बहिणीला काळजी वाटणारच, पण आता तुम्हाला खुर्चीतून उठवलं तर लोक मला तुडवतील." पत्र खणात टाकलंय म्हणाले. मला वाटलं, ह्यांना बरं वाटेल.

पण वन्सं, त्या दिवसापासून हे शर्ट मला घालू देत नाहीत. दार लावून आत स्वतः घालतात. पाऊण तास लागतो. बाहेर येतात तेव्हा कपाळावर घाम असतो. जेवताना त्या घड्याळाकडे पाठ करून बसतात. कुणाला वाचवून आलेल्या माणसाचं तोंड असं असतं का? मी सव्वीस वर्षं बघितलंय, आधी असं नव्हतं. मला भीती वाटते आहे. तुम्ही काहीतरी विचारा, मला नाही सांगत.

वहिनी

२२ मे

दादा,

मला साहेबांनी काय केलं ते कळलं. आता माझ्या हातात काही राहिलेलं नाही. मी कुणालाही काहीही लिहिलं तरी ते खणात जाणार, कारण तू आता वर्तमानपत्रातला माणूस आहेस.

म्हणून या वेळी तज्ज्ञ म्हणून काही लिहीत नाही. पंचावन्न प्रश्न विचारून झाले, आता एकच विचारते, तो कुठल्याही कागदावर नाही.

त्या बाईला पाण्याबाहेर कुणी काढलं?

बारकी

३० मे

बारके,

पेन्शनर काकांनी.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. आता लिहितो ते डाव्या हाताने लिहितोय, अक्षर बरं आहे ना, त्याचंच मला कौतुक होतं.

ती बाई मधोमध गटांगळ्या खायला लागली. मी शिट्टी फुंकली, उडी मारली, पोचलो. तिथपर्यंत सगळं सव्वीस वर्षांच्या सवयीने झालं. तिने गळा धरला. मी डाव्याने तिला धरलं, आणि पोहायला उजवा टाकला, तर तो आलाच नाही. दुखलं नाही, नुसता आला नाही, दुसऱ्याचा असल्यासारखा. आम्ही दोघं खाली गेलो. पाण्याखाली मी तिचं तोंड बघितलं. तिला वाटत होतं की आता मी आलोय म्हणजे झालं. तिने अंग सैल सोडलं, बारके. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, जीवरक्षक आला की अंग सोडा, त्याला त्याचं काम करू द्या. तिने तेच केलं.

मग कुणीतरी माझी कॉलर धरून ओढलं. काका पाचव्या पट्ट्यातून आले होते. त्यांनी आम्हा दोघांना एकदमच काठाला आणलं. सत्तर वर्षांचा माणूस. काठाला मी तिला डाव्या हाताने वर ढकललं आणि लोकांनी तेवढंच पाहिलं. टाळ्या झाल्या. काका शिडीने चढले, टॉवेल घेतला आणि गेले. नंतर ते पोहायला आलेले नाहीत. मी रोज वाट बघितली. मला वाटायचं, ते येऊन सांगतील आणि मी सुटेन.

सांगायला मला तोंड होतं, नाही असं नाही. घड्याळ आलं, साहेब आले, तुझी वहिनी कात्री घेऊन बसली. प्रत्येक वेळी वाटलं, आता नाही, उद्या. तुझं रजिस्टर साहेबांनी खणात टाकलं तेव्हा मला हायसं वाटलं, हेही लिहून टाकतो. आणि त्याच दिवशी तुझं काम गेल्याचं पत्र वाचलं. मी त्यानंतरही दहा दिवस खुर्चीत बसलो. दहा दिवस मी पाण्याकडे बघत होतो आणि मनात एकच, आज कुणी बुडू नये. हे पूर्वी कधी मनात आलं नव्हतं. पूर्वी यायचं, बुडलं तर मी आहे.

काल साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या. दिलं. काकांचं नावगाव नोंदवहीतून काढून तेही लिहिलं. पुढे काय करतील माहीत नाही, चौकशी होईल. पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येतो, खांदा बघ, कापायला सांगितलंस तरी चालेल. घरी तुझ्या वहिनीला सांगितलं. तिने कात्रण काढलं, दोनदा वाचलं आणि चुलीत नाही, केराच्या डब्यात नाही, माझ्या हातात दिलं. म्हणाली, तुम्हीच काय ते करा. आज शर्ट तिने चढवला.

तुझ्या मॅडमना मी लिहू का? त्यांनी ऐकलं नाही तरी लिहितो.

पण मी काल का सांगितलं ते तुला कळायला हवं. तुझ्या प्रश्नामुळे सांगितलं असतं तर मला आवडलं असतं, पण तसं नाही झालं.

काल सकाळी ती बाई आली. सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. मुलीच्या गळ्यात पोहायचा नवा चष्मा, त्याची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. बाईने खिडकीवर मुलीच्या पोहण्याच्या शिकवणीचा अर्ज दिला आणि मला बघून हाक मारली. मुलीला म्हणाली, "हे ते काका." मला म्हणाली, "पाण्याची भीती बसली होती मला, हिला पाठवणारच नव्हते. पण म्हटलं, तुम्ही खुर्चीत असता ना. मग हिला काय होतंय."

मुलगी माझ्याकडे वर मान करून बघत होती.

मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी तुम्हाला मी काढलं नाही. माझा हात चालत नाही. तुम्हाला आणि मला दोघांनाही दुसऱ्याने काढलं."

ती जरा हसली, तिला वाटलं मी विनय दाखवतोय. मी उजवा हात वर करून दाखवला. खांद्यापर्यंतही गेला नाही. मग तिचं हसू गेलं. तिने विचारलं, "आणि त्यानंतर रोज तुम्हीच बसता तिथे?"

मी हो म्हणालो.

ती वळली आणि खिडकीतून मुलीचा अर्ज परत मागितला. खिडकीतला माणूस म्हणाला, अहो, जागा भरतील. ती म्हणाली, भरू देत. मुलगी रडायला लागली, तिला कळेना की आता घरी का जायचं. बाईने तिच्या गळ्यातला चष्मा काढून पिशवीत टाकला आणि तिचा हात घट्ट धरून माझ्यासमोरून तिला घेऊन गेली. तिने केलं तेच बरोबर होतं.

दादा